मेडिकलला गेलास म्हणून घरात पाहुणा होऊ नकोस

प्रश्न: मॅडम, मी नवी मुंबईत एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. घर ठाण्यात, चरईत. ट्रान्स हार्बर लोकलने फार तर पाऊण तास. तरी मी कुठेतरी परगावी राहतो असं वाटतं. मागच्या रविवारी घरी गेलो तर स्वयंपाकघरात नवीन फ्रिज आणि आत्तेबहिणीचं लग्न ठरलेलं, मला दोन्हींचा पत्ता नाही. शाळेतले मित्र भेटले की त्यांच्या गप्पा प्लेसमेंटच्या, पगाराच्या. मी तोंड उघडलं की पॅथॉलॉजी बाहेर येते. गणपतीत बाहेर आरती चालू होती आणि मी आतल्या खोलीत व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी करत होतो. हे सगळ्यांनाच होतं का, की मी चुकीच्या क्षेत्रात आलोय? हॉस्टेल सोडून घरून ये-जा करू का?

उत्तर:

चुकीच्या क्षेत्रात आलास की नाही हे फ्रिजवरून ठरत नाही. तो प्रश्न आणि हॉस्टेलचा प्रश्न शेवटी घेते.

सगळ्यांनाच होतं का? बऱ्याच जणांना होतं. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नॅशनल मेडिकल कमिशनने, म्हणजे मेडिकल शिक्षणाचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, टास्क फोर्स नेमला होता, त्याचा अहवाल २०२४ मध्ये आला. देशभरातल्या पंचवीस हजारांहून जास्त एमबीबीएस विद्यार्थ्यांनी ऑनलाइन उत्तरं दिली होती. एकटं पडल्यासारखं नेहमी किंवा वारंवार वाटतं असं सांगणारे सुमारे ३५ टक्के निघाले, कधीकधी वाटतं म्हणणारे आणखी ३९ टक्के. ज्याला त्रास आहे तोच असा फॉर्म भरायला बसतो, हे धरून थोडं कमी कर, तरी आकडा लहान राहत नाही. म्हणजे मेसमध्ये तुझ्यासमोर बसून जे पोहे खातात त्यांच्यातही तुझ्यासारखे आहेत. प्रत्येकाला वाटतं बाकीचे मजेत आहेत, म्हणून कोणी बोलत नाही.

आता कारण. 'वेळच मिळत नाही' हे कारण तू दिलं नाहीस, पण बाकी सगळे तेच देतात. मला ते अर्धंच पटतं. वेळ कमी असतो हे खरं. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी, सकाळी वॉर्डात पोस्टिंग, दुपारी लेक्चर, वर कॉलेजच्या इंटर्नल परीक्षा आणि केलेल्या कामाचं लॉगबुक. पण तुझ्याच आळीत सीएची आर्टिकलशिप करणारी मुलं असतील. सकाळी लोकलला लटकून फोर्टला जातात, रात्री नऊला परत येतात, मग अभ्यास. त्यांनाही वेळ नसतो. तरी घरात फ्रिज घ्यायचा ठरला तर सिंगल डोअर की डबल यावर ती दोन तास भांडलेली असतात, आणि दुकानातून डिलिव्हरीचा फोन त्यांनाच आलेला असतो.

तुझं तुटणं मेडिकल कॉलेजात सुरू झालेलं नाही, असं मला वाटतं. अकरावीत नीटचा क्लास लावला त्या महिन्यात ते सुरू झालं असणार. त्या वर्षापासून घरात एकेक काम तुझ्याकडून काढून घेतलं गेलं. आधी दळण, मग बाजारहाट, मग लग्नकार्यं. 'तो येणार नाही, त्याचा क्लास आहे.' काका आजारी पडले ते तुला महिन्याने सांगितलं, कारण मॉक टेस्ट होती. ड्रॉप घेतला असशील तर हे आणखी एक वर्ष चाललं. एवढं सगळं तुझ्या भल्यासाठीच केलेलं, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार? अ‍ॅडमिशन झाल्यावर ही व्यवस्था मोडायला हवी होती. ती कोणीच मोडली नाही.

म्हणून आता रविवार कसा जातो बघ. शनिवारी रात्री तू येतोस. आई दार उघडतानाच विचारते, जेवलास का? रविवारी तू साडेअकरापर्यंत झोपतोस आणि घर तुझ्या झोपेभोवती चवड्यांवर चालतं. बाबा टीव्हीचा आवाज कमी करतात. मिक्सर लावायचा तर आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं जातं. उठलास की सुरमई किंवा पुरणपोळी, जे तुला आवडतं ते. तू ताट उचलायला जातोस तर 'राहू दे रे, तुला तिकडे कुठे असलं मिळतं.' चार वाजता डबा भरला जातो, पाचची गाडी. या चोवीस तासांत तुला कोणी काही मागितलेलं नसतं, काही विचारलेलंही नसतं. लाड झाले खरे, पण पाहुण्याचे झाले. आणि पाहुण्याला घरातल्या गोष्टी कोणी सांगत बसत नाही. फ्रिजचं तुला मुद्दाम सांगितलं नाही असं मुळीच नाही. कदाचित फॅमिली ग्रुपवर फोटोही पडला असेल आणि तू न बघता पुढे गेला असशील. मला विचारशील तर फोटो बघितला असतास तरी फार फरक पडला नसता. आमच्या वेळी हॉस्टेलच्या तळमजल्यावर एक फोन असायचा आणि रेक्टर हाक मारायचे. आता दिवसभर फोन हातात असतो, घरात काय चाललंय ते सगळं कळतं, तरी मुलं तुटतात. नुसतं कळून भागत नाही, त्यात तुझा हात लागावा लागतो.

त्यामुळे मुलं मला 'बॅलन्स कसा ठेवायचा' असं विचारतात तेव्हा मी छंद, योगा, गिटार वगैरे सांगत नाही. ज्याला आवडतं त्याने जरूर करावं. मी सांगते, घरातलं एक काम माग. हट्टाने माग, कारण आई देणार नाही. काम असं हवं की तू केलं नाहीस तर कोणाचं तरी अडेल. 'मदत करतो' यात ते येत नाही, मदत पाहुणाही करतो. लाइट बिल, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स आजपासून तुझ्याकडे, हॉस्टेलवरूनही होतं. मीटरचं रीडिंग या महिन्यात जास्त का आलं हे बाबांना विचारायची वेळ येईल, तेव्हा कळेल की आजीच्या खोलीत आता रात्रभर पंख्याबरोबर एसी लागतो. रविवारची भाजी जांभळी नाक्यावरून तू आण. पहिल्या वेळी जून भेंडी आणशील, आई बोलेल. बोलू दे. 'काय ही भेंडी' हे वाक्य तिने तुला किती वर्षांत ऐकवलेलं नाही, आठवून बघ. आत्तेबहिणीच्या लग्नात एक जबाबदारी उचल, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायची किंवा केळवणाची, आणि आत्याला स्वतः फोन करून सांग. आईमार्फत नको. गणपतीत तुमचे दीड दिवसांचे असोत की पाच, विसर्जन तुझ्याकडे घे: टेम्पो, निर्माल्याची पिशवी, पालिकेच्या कृत्रिम तलावावरची रांग. गणपतीच्या तारखा वर्षभर आधी पंचांगात छापलेल्या असतात, इंटर्नलच्या तशा नसतात हे मला माहीत आहे. तरी एक संध्याकाळ निघते.

एक अट मात्र पाळ. हे काम डॉक्टरकीचं नको. घरच्यांना दुसऱ्या वर्षाच्या मुलातही डॉक्टर दिसायला लागतो. आजीच्या बीपीच्या गोळ्या, मामाचा लिपिड प्रोफाइल, शेजारच्या काकूंचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, सगळं तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. आपल्याला विचारतात म्हणून पहिल्यांदा बरं वाटतं. पण त्यानेही तू दूरच जातोस, कारण मामा आता तुझ्याशी क्रिकेटवर बोलत नाही, कोलेस्टेरॉलवर बोलतो. शिवाय सेकंड इयरच्या मुलाने रिपोर्ट वाचून सल्ला देणं धोक्याचं आहे, हे वेगळं सांगायला नको. 'मामा, हे तुमच्या डॉक्टरांना दाखवा, मला अजून येत नाही' हे वाक्य पाठ करून ठेव.

एवढं घरकाम कशाला, त्यापेक्षा दोन चॅप्टर झाले असते, असं तुझ्या मनात येणार. म्हणून ओपीडीतली एक गोष्ट सांगते. ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

मी शिकवत होते तेव्हा कळव्याच्या डोंगराच्या बाजूला राहणाऱ्या एक पन्नाशीच्या बाई यायच्या. डायबेटिस, दोन वेळचं इन्सुलिन, तरी शुगर कायम चढलेली. फायनल इयरच्या एका हुशार मुलाने हिस्टरी, म्हणजे आजाराची सगळी माहिती, विचारून घेऊन केस सांगितली. इन्सुलिनचे प्रकार, कोणाचा असर किती तास, सगळं तोंडपाठ. निष्कर्ष काय, तर 'पेशंट नॉन-कम्प्लायंट आहे, मॅडम.' म्हणजे सांगितलेलं औषध नीट घेत नाही. त्याच्या बॅचची डोंबिवलीची एक मुलगी बाजूला उभी होती. घरी मोठं कुटुंब, सकाळचं पाणी भरून पोस्टिंगला येणारी. तिने बाईंना विचारलं, "मावशी, इन्सुलिन ठेवता कुठे?"

"फ्रिजमध्ये."

"फ्रिज तुमचाच ना?"

फ्रिज शेजारणीचा होता. शेजारीण सकाळी सातला कुलूप लावून कामाला जायची ती रात्री नऊला यायची. सकाळचं इंजेक्शन वेळेवर व्हायचं. संध्याकाळचं कधी रात्री दहाला व्हायचं आणि बऱ्याचदा राहूनच जायचं, कारण दमून आलेल्या बाईचं दार परत कुठे वाजवायचं? बाई अजिबात हट्टी नव्हत्या. भिडस्त होत्या, एवढंच. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे घरात चालते, ऊन आणि शेगडीपासून लांब ठेवली की झालं. न उघडलेली तेवढी फ्रिजमध्ये लागते. ठाण्याच्या उन्हाळ्यात खोली तापते, म्हणून बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून ती डबी पाणी भरलेल्या छोट्या मडक्यात ठेवायला सांगितली. त्या मुलाला औषधशास्त्रात जास्त मार्क होते. पण फ्रिज ही वस्तू सगळ्यांच्या घरात नसते, असलीच तर ती कोणाच्या तरी मर्जीवर उघडते, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मुलीला ते घरात वावरून माहीत होतं.

रोजच्या आयुष्यापासून तुटलेला डॉक्टर हिस्टरी घेताना असा उघडा पडतो. 'दिवसातून तीनदा जेवणानंतर' लिहितो आणि समोरचा माणूस दोनदाच जेवतो. फॉलोअपला मंगळवारी बोलावतो आणि मंगळवारी त्यांच्याकडे पाण्याचा टँकर येतो. तुमच्या अभ्यासक्रमात आता फॅमिली अ‍ॅडॉप्शनचा कार्यक्रम आहे. पहिल्या वर्षापासून ठरावीक घरांना भेटी द्यायच्या, बीपी मोजायचं, लॉगबुकात लिहायचं. बरीच मुलं ते बसमधून उतरून, फोटो काढून उरकतात. तू जाशील तेव्हा बीपी मोजून झाल्यावर दहा मिनिटं जास्त बस आणि पाणी कधी येतं, रेशनवर काय मिळालं, थोरली कुठल्या शाळेत जाते, हे विचार. लॉगबुकात त्याला रकाना नाही. विचार मात्र.

मित्रांचं जरा अवघड आहे आणि त्यात मी खोटा धीर देणार नाही. इंजिनीअरिंगवाले चार वर्षांत बाहेर पडतात. तुझी साडेचार वर्षं आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप, त्यानंतर पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, घेतलंस तर आणखी तीन. ते ऐरोलीच्या माइंडस्पेसला नोकरीला लागतील, पहिल्या पगारातून आईला साडी घेतील, आणि तू तेव्हा बाबांकडे मेसचे पैसे मागत असशील. हे टोचणार. दहा जणांचा ग्रुप टिकवायच्या मागे लागू नकोस, तो कोणाचाच टिकत नाही. दोन माणसं धर. तलावपाळीवर चहाला अर्धा तास भेटलास तरी पुरे, पण भेटल्यावर आपण किती बिझी आहोत याची कहाणी लावू नकोस. ती ऐकून ऐकून लोक बोलवायचं बंद करतात. डिसेक्शन हॉलचे विनोद तर नकोच, आणि पेशंटचे किस्से बाहेर सांगायचे नसतात, नाव न घेताही. मग बोलायचं काय? त्याला त्याच्या कामाचं विचार. 'कसं चाललंय' असं मोघम नको. तुझा मॅनेजर कसा आहे, दिवसभर नक्की करतोस काय, कोणाशी पटत नाही. प्रश्न विचारायचं शिक्षण तर तू रोज घेतोयस. फक्त इथे निदान करायला जाऊ नकोस.

आणि परीक्षेला गायब व्हायचं असेल तर सांगून हो. 'पुढचे सहा आठवडे मी कुठेच नाही, अमुक तारखेला पेपर संपतो, त्या रविवारी भेटू' असा एक मेसेज. सांगून गेलेल्या माणसाची लोक वाट बघतात. फोन न उचलणाऱ्याला हळूहळू यादीतून काढतात, रागही धरत नाहीत. तेवढी तारीख मात्र पाळायची.

इथवर मी तुझ्या वाटण्याला आजार धरलेलं नाही. पण मी फिजिशियन आहे, विचारून घ्यायला हवं. दोनेक आठवडे सलग मन बसलेलं आहे का? पूर्वी आवडायचं तेही नकोसं झालंय का? झोपायला वेळ असून झोप लागत नाही किंवा पहाटे तीनला जाग येते, जेवण सुटलंय, आंघोळीचाही कंटाळा येतो, वाचलेलं डोक्यात राहत नाही, असं काही? घरी चार दिवस राहून, माणसांत वावरून, काम करून थोडं हलकं वाटत असेल तर बहुधा वरचे उपाय पुरतील. तिथेही सगळं पोकळच वाटत असेल तर डॉक्टरांना दाखव. आपण नसलो तर बरं, असा विचार एकदाही चाटून गेला असेल तर आजच बोल, परीक्षा झाल्यावर नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

आपल्याच कॉलेजच्या सायकिअ‍ॅट्रीच्या ओपीडीत जायला मुलं बिचकतात, कारण तिथले सर उद्या व्हायवाला समोर असतील. बिचकणं मला समजतं. मग बाहेर जा. ठाण्यातलं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे, तिथे ओपीडी चालते. नावाची भीती वाटत असेल तर खासगी डॉक्टर गाठ. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. एकच करू नकोस, स्वतःच स्वतःवर उपचार. रूममेटकडून झोपेची गोळी, व्हायवाआधी धडधड थांबावी म्हणून सीनियरने दिलेली प्रोप्रॅनोलॉल, हे प्रत्येक हॉस्टेलात चालतं. दम्याच्या माणसाचा दमा प्रोप्रॅनोलॉलने कसा उसळतो हे तू याच वर्षी फार्मकॉलॉजीत वाचणार आहेस. आणि जाता जाता हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड तपासून घे. मेसचं जेवण आणि रात्रीचा नुसता चहा यावर जगणाऱ्या मुलांत थकव्याचं मूळ कधीकधी तिथेच सापडतं.

क्षेत्राबद्दल थोडक्यात. तुझ्या पूर्ण प्रश्नात वॉर्डमध्ये जायचा कंटाळा येतो असं एकही वाक्य नाही. जे आहे ते सगळं घराबद्दल आणि मित्रांबद्दल आहे. पेशंटजवळ उभा असताना वेळ कसा जातो ते या पोस्टिंगला बघ. तिथे मन रमत असेल तर क्षेत्र ठीक आहे. नसेल रमत तर थर्ड इयरनंतर मला परत विचार, मेडिकलमध्ये पेशंटला हात न लावता करायची कामंही पुष्कळ आहेत. परीक्षेच्या महिन्यात असले निर्णय घ्यायचे नाहीत.

आता हॉस्टेल. सोडू नकोस. सेकंड इयरला ये-जा जमेल, ट्रान्स हार्बरला सीझन पास काढलास की झालं. पण पुढे रात्रीच्या इमर्जन्सी पोस्टिंग लागतील, लेबर रूम लागेल, तेव्हा वॉर्डपासून पाच मिनिटांवर असणं कामाला येतं. शिवाय रोज रात्री साडेआठला घरी पोहोचून ताटावर बसलास, सकाळी सातला डबा उचलून निघालास, तर घरातलाच पेइंग गेस्ट होशील. त्यापेक्षा शनिवारी दुपारी ये आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जा. रविवारी साडेसातचा गजर लाव आणि तो लावल्याचं आईला आदल्या रात्री सांगून ठेव, नाहीतर ती येऊन बंद करेल. भाजीच्या पिशव्या बहुधा अजून ओट्याखालीच असतील. नवीन फ्रिज आल्यापासून जागा बदलली असेल तर तिला विचार.